मिहीरच्या दातांचा राखणदार

मित्रांनो, मला हातात घ्यायला तुम्हाला किळस येईल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. मी एक जुना माउथगार्ड आहे. खेळाडू दातांवर रबरासारखे कवच चढवतात ना, तेच. माझा सगळा जन्म एकाच माणसाच्या तोंडात गेला. इतक्या जवळून त्याला दुसरे कोणी ओळखत नसेल.

मला घडवले त्याच्या आईने. रेखाताई अमेरिकेत, शॉमबर्गला दातांच्या डॉक्टर आहेत. मिहीरने चांगली चाललेली इंजिनिअरची नोकरी सोडून व्यावसायिक रग्बीचा करार केला, तेव्हा त्याचे बाबा, चारुदत्त, आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. रेखाताईंनी मात्र त्याला क्लिनिकमधल्या खुर्चीत बसवले आणि म्हणाल्या, "आ कर." गुलाबी लगद्यात दातांचा ठसा घेतला, त्यावरून प्लॅस्टरचे दात ओतले आणि त्यांवर तापवलेली प्लॅस्टिकची चकती ताणून मला बनवले. "माझ्याकडून एवढंच होऊ शकतं," त्या म्हणाल्या.

मिहीर प्रॉप होता. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात, त्यात पहिल्या रांगेतला. हेल्मेट नाही, काही नाही. पहिल्याच वर्षी त्याच्या जबड्यावर बुटाची लाथ बसली आणि एकही दात हलला नाही. "आई, ऑल थर्टी-टू!" त्याने फोनवर तोंड उघडून दाखवले. मी त्या दिवशी केवढा फुगलो होतो!

पण हा खेळ अमेरिकेत फारसा कोणी बघत नाही. सामना संपला की इतरांच्या घरची माणसे मैदानात उतरत. मिहीर बॅग भरून सरळ बसमध्ये जाऊन बसे. संघात त्याला सगळे माइक म्हणत. महाराष्ट्र मंडळात कोणी विचारले, तर बाबा "तो स्पोर्ट्स ॲनालिटिक्समध्ये आहे" असे ठोकून देत, आणि हे मिहीरला ठाऊक होते. हॉटेलच्या बेसिनवर मला घासता घासता तो माझ्याशीच बोलायचा. "निभावलं रे आजचं." मराठीत बोलायला त्याला तिथे दुसरे होते कोण?

पाचव्या वर्षी क्लबने नवे माउथगार्ड आणले. त्यांच्या पोटात चिप असते. डोक्याला जोराचा मार बसला की ती मैदानाबाहेरच्या डॉक्टरांना लगेच कळवते. माझी रवानगी डबीत झाली. दीड वर्ष मला फक्त बॅगेतल्या मोज्यांचा वास येत होता. आपण कोणालाच नको आहोत, हे कळायला फार वेळ लागत नाही, पण सोसायला लागतो.

मग या एप्रिलमध्ये डबी उघडली आणि मी पुन्हा त्याच्या तोंडात होतो. मला आनंदाने काही सुचेना! सरावाला कोण काय घालतो, हे क्लबात कोणी बघत नव्हते. तिसऱ्याच दिवशी कोणाचा तरी गुडघा मिहीरच्या कानशिलावर बसला. तो माझ्यावर इतक्या जोराने चावला की उजवीकडे मला आरपार भोक पडले.

"यू गुड, माइक?"

"ऑल गुड."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या वर्षात दोनदा त्याच्या मेंदूला मार बसला होता. तिसऱ्यांदा झाले तर खेळ बंद, असे डॉक्टरांनी बजावलेले मी डबीतून ऐकले होते. त्याला माझी आठवण वगैरे आली नव्हती. त्याला गप्प बसणारा कोणीतरी हवा होता, आणि मी गप्प बसलो.

पुढचे तीन आठवडे तो भरदिवसा पडदे ओढून बसायचा. कॅमेरा बंद ठेवून आईशी बोलायचा. मग एका रविवारी घरी गेला. तो आला की रेखाताई आधी मलाच धुवायला मागत, जेवणाचे नंतर. त्यांनी डबी उघडली.

"हा जुना कशाला वापरतोस? आणि हे भोक कसलं?"

"इट्स नथिंग, आई. जुना आहे ना."

"तीस वर्षं दात बघतेय मी. इतकं कशानं चावलास?" त्यांचा आवाज खाली आला. "सकाळी फोनवर मी तुला काय आणायला सांगितलं होतं?"

"सकाळी? आपण सकाळी बोललो?"

रेखाताई मला मुठीत धरून जिन्याच्या पायरीवरच बसल्या. "सगळे दात शाबूत आहेत रे तुझे," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

"मी सांगितलं तर दे विल रिटायर मी," मिहीर म्हणाला. "आई, माझ्याकडे दुसरं काहीच नाहीये."

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. ते येऊन त्याच्या शेजारी बसले. "डॉक्टरांना फोन लाव. मी आहे इथं."

मिहीरने फोन लावला आणि सगळे सांगितले. त्याचा खेळ त्या दुपारी संपला.

आता तो काळा चष्मा लावून घरातच असतो. बरे व्हायला किती दिवस लागतील, हे डॉक्टर सांगत नाहीत. संघातल्यांचे फोनही कमी झाले आहेत. मी रेखाताईंच्या क्लिनिकमध्ये, ड्रॉवरमध्ये पडून असतो. शाळकरी मुले माउथगार्ड करून घ्यायला आली की त्या मला बाहेर काढतात आणि माझे भोक त्यांना दाखवतात.

मित्रांनो, माउथगार्ड रोज धुवा, गरम गाडीत विसरू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढेच सांगतो. डोके दुखले, तर आम्हाला तोंडातून काढा आणि जवळ जो कोणी असेल त्याला सांगा. मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.