घरी बसून भरलेलं रीडिंग

मी पावलं मोजणारा एक जुना मीटर आहे, मित्रांनो. काडेपेटीएवढा देह, पाठीला चिमटा, पोटात बटणाएवढा सेल. कंबर हलली की माझ्या पोटातला लोलक हलतो आणि एक पाऊल जमा होतं. ती कंबर कुणाची, हे मला कळतं. पण सांगता येत नाही. माझी सगळी दुःखं या एका उणिवेतून निघाली.

माझे मालक आजोबा वीज कंपनीतून निवृत्त झालेले मीटर रीडर. पस्तीस वर्षं जिने चढून त्यांनी लोकांचे मीटर वाचले. काही सहकारी घरी चहा पीत अंदाजे आकडे भरत. आजोबा त्यांची सावलीही अंगावर पडू देत नसत. "बसून भरलेलं रीडिंग म्हणजे पाप," हे ते जेवतानाही ऐकवत. पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "रोज पाच हजार पावलं. नाहीतर गुडघा धरेल, मग माझ्याकडे येऊ नका." परगावी नर्स असलेल्या लेकीने मला आणून त्यांच्या कमरेला लावलं. चार महिने आम्ही बागेत फिरलो. रोज संध्याकाळी तिचा फोन येई, आजोबा आकडा सांगत आणि ती शाबासकी देई. त्यातली निम्मी मी स्वतःकडे ठेवून घेई.

मग टाळेबंदी आली. बागेला कुलूप लागलं. घरात गॅलरीपासून ओट्यापर्यंत बावीस पावलं, तीही स्टूल चुकवत. मुलाची ऑफिसची मीटिंग त्याच वाटेवर. "बाबा, मागून फेऱ्या मारू नका हो, साहेब विचारतात, घरात पहारा कसला?" आजोबा आतल्या खोलीत फिरू लागले, तर खालच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "वरती घोडं बांधलंय का?" जिन्यात जावं, तर कठड्याला हात लावायची भीती. त्यात टीव्ही दिवसभर मेलेल्यांचे आकडे सांगे. ते ऐकून उरलीसुरली पावलंही खुर्चीत बसली. तिसऱ्या आठवड्यात माझ्यावर चारशे दहा दिसले.

लेकीला चारशे दहा सांगायचे कसे? एका सकाळी आजोबा स्वयंपाकघराच्या दारात घुटमळले. "सूनबाई, हा दिवसभर तुझ्याकडे ठेवतेस? नुसता."

"द्या की. माझ्या कमरेला तेवढंच लटकायचं राहिलंय."

मी ओरडणार होतो, पण मला तोंड नाही. केर, लादी, कपडे, भांडी, नवऱ्याचा चहा, पुन्हा चहा. संध्याकाळी माझ्यावर नऊ हजार दोनशे!

"बाबा, कमाल आहे तुमची!" लेक फोनच्या स्पीकरवरून ओरडली. "वहिनी, शीक जरा त्यांच्याकडून. घरात बसून बसून वजन वाढेल."

"हो ना," सूनबाई कढई घासत म्हणाली.

असे पाच महिने गेले. "एवढं चालताय तर कशाला त्या?" म्हणून लेकीने, टाळेबंदीत तिनेच लावून दिलेल्या, फोनवर गुडघ्याचे व्यायाम घेणाऱ्या ताईही बंद केल्या. माझा सेल संपावा, अशी मी प्रार्थना केली. संपलाही. मुलाने लगेच नवा मागवला. कामं वेळेवर करायचं त्याला नेमकं तेव्हाच सुचलं.

निर्बंध उठले आणि लेक आली. "चला बाबा, बागेत." आजोबांनी मला स्वतःच्या कमरेला लावलं. तिसऱ्या मजल्यावरून आम्ही उतरू लागलो. पाचव्या पायरीवर गुडघा वाकेना. आजोबांनी कठडा दोन्ही हातांनी धरला, ज्याची भीती वाटायची तोच. लेकीने माझ्याकडे पाहिलं. तेवीस.

"हा बिघडलाय वाटतं."

"तो नाही बिघडला," आजोबा म्हणाले. "मी बसून रीडिंग भरलं."

"मग ते नऊ हजार...?"

वरच्या पायरीवर उभी असलेली सूनबाई म्हणाली, "वन्सं, आधी त्यांना धरा. भांडी काय, कुणीतरी घासणारच होतं."

दोघींनी त्यांना उचलून वर नेलं. बाग तशीच खाली राहिली.

आता आजोबा वॉकर धरून खुर्चीपासून खिडकीपर्यंत जातात. मी खरा आकडा दाखवतो: छत्तीस, चाळीस, परवा एकतीस. ते मला चष्मा लावून वाचतात आणि लेकीला मोठ्याने सांगतात. याहून अधिक माझ्याने काही होत नाही.

मित्रांनो, मला पुसायची गरज नाही, जपून ठेवायचीही नाही. ज्याचे पाय टिकायला हवेत, त्याच्याच कमरेला मला लावा. आणि दुसऱ्या कुणाच्या लावलंतच, तर संध्याकाळी फोनवर निदान तिचं नाव सांगा.