विषय : रानबोरीवर डोळा

राजरत्नने माउस दाबला आणि पडद्यावरच्या चर्चेच्या यादीतल्या बत्तिसाव्या विषयापुढे बारीकसं कुलूप उमटलं. तेवढ्यात सांगलीतल्या त्याच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात जालिंदर येऊन उभा राहिला. हातात कापडी पिशवी, अंगावर एसटीची धूळ.

"सर, आलं! बोर आलं!"

त्यानं पिशवी टेबलावरच उपडी केली. लिंबाएवढी पिवळी बोरं की-बोर्डाच्या कडेनं घरंगळत गेली.

दोन वर्षांपूर्वी, सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात, जालिंदर कवठे महांकाळहून असाच आला होता. राजरत्न इंटरनेटवर शेतीची चर्चा चालवायचा. तिथं त्याच्याकडून जालिंदरनं प्रश्न लिहून घेतला : बांधावरच्या रानबोरीच्या सालीत गोड बोराचा डोळा भरून, वर पट्टी बांधून कलम केलं तर जगेल का? खंडाळ्यात एसटीडी आणि इंटरनेटचा बूथ चालवणाऱ्या मेहरुनबींनी सविस्तर उत्तर दिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, फळ धरलं की इथंच कळवा. पुढं त्या विषयात कुणीच काही लिहिलं नव्हतं.

"त्यास्नी कळवा. आत्ताच्या आत्ता."

राजरत्न अवघडला. "तो विषय आज सकाळीच बंद केला. सहा महिने कुणी बोललं नाही की बंद, असा नियम केलाय. आपण नवा विषय काढू."

"नव्याचं त्यास्नी कळंल?"

"नाही. त्यांनी जिथं लिहिलंय तिथं भर पडली, तरच त्यांना ईमेल जाते."

"मग नवा काय करायचा?"

"जालिंदरभाऊ, मागच्या महिन्यात एकानं तिथलं जुनं उत्तर वाचून द्राक्षावर फवारा मारला. घड करपले. मला फोनवर रडला तो. कुलूप दिसलं की माहिती जुनी हे तरी कळतं. उगाच नाही लावत."

जालिंदरला ते पटलेलं दिसलं. मग म्हणाला, "ते औषध व्हतं, सर. ह्ये झाड हाय. आवं, दोन वर्सं मी गप न्हवतो, पाणी घालत व्हतो."

राजरत्नने एक बोर उचललं, शर्टाला पुसलं आणि चावलं. बी तोंडात घोळवत त्यानं कुलपावर माउस नेला. कुलूप गेलं.

जालिंदर उभ्यानंच सांगत होता आणि राजरत्न इंग्रजी अक्षरांत त्याचं मराठी टाइप करत होता. नऊ झाडं भरली, सात धरली. एकेका फांदीला टेकू द्यावा लागला. "लय ग्वाड हाईत, ह्ये बी लिवा."

वीस मिनिटांनी मेहरुनबींचं उत्तर आलं. राजरत्न मोठ्यानं वाचू लागला.

"जालिंदरभाऊ, वाचून खुर्चीतून उठलेच. आता खरं सांगते. तुम्हाला लिहिलं ते सगळं पुस्तकातलं होतं. नंतर मी स्वतः पाच झाडांवर डोळे भरले. पाचही वाळले. माझं ऐकून तुमचंही वाळलं असेल, या भीतीनं दोन वर्षं विचारलं नाही. तुम्ही कसं जमवलंत?"

जालिंदरनं पडद्यावरच्या न वाचता येणाऱ्या ओळींकडे बराच वेळ पाहिलं. मग स्टूल ओढून तो राजरत्नला खेटून बसला.

"लिवा. पैल्यांदा त्यास्नी इचारा, डोळ्यावरची पट्टी कवा सोडली व्हती?"