कागदामागच्या चार ओळी

मित्रांनो, जमिनीच्या नोंदींची मी एक जुनी वही आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका लहानशा जिल्हा कचेरीत, अगदी खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. अंगावर वासराचं कातडं आहे आणि वजन असं, की मला उचलण्याआधी प्रत्येक जण मदतीला कुणी येतंय का ते बघून घेतो.

माझा जन्म सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा लढाईवरून परतलेल्या शिपायांना सरकार पगाराऐवजी जमिनीच्या हक्काचा कागद देत असे. जमीन असायची दूरच्या रानात. घरी भुकेली पोरं असलेला माणूस कशाला जातो तिकडे? तो कागदाच्या मागे ‘हक्क अमक्याला दिला’ असं लिहवून घ्यायचा, खाली फुली मारायचा आणि बदल्यात गाय नाहीतर घोडी घेऊन घरी जायचा.

हेझकाया प्रुडन या शिपायाचा कागद एका कडक हिवाळ्यात माझ्यापुढे आला. कारकून लडलो पीक लिहीत होता आणि त्याचा मेव्हणा एनॉस मोठ्यानं वाचत होता. पुढची बाजू संपल्यावर एनॉसनं कागद उलटला.

“मागेही आहे, भावजी. ‘मी हा हक्क एका तांबड्या घोडीच्या बदल्यात दिला. मी मिठाच्या झऱ्यापाशी बहिणीकडे राहतो आणि तिथेच राहणार.’ खाली फुली.”

“शाई गोठायला लागलीय. दुसरा कागद घे.”

“चारच ओळी आहेत.”

“मग ये, तू लिही. मी शेकत बसतो.”

एनॉसला वाचता यायचं, लिहिता येत नव्हतं. लडलोला हे चांगलं ठाऊक होतं. एनॉसनं दुसरा कागद घेतला. मूळ कागद हक्क विकत घेणाऱ्याच्या खोगिराच्या पिशवीत गेला, तो पुन्हा कुणी पाहिला नाही.

पुढे माझे दिवस चांगले आले. बांधावरून भांडणारे भाऊ माझ्यापुढे आवाज खाली आणत. वकील हात धुऊन मला उघडत. “वहीत आहे ना? मग संपलं,” असं न्यायाधीश म्हणत, आणि मीही फुगून जात असे. नंतर माझ्या पानांचे फोटो निघाले आणि मला खाली ढकललं. धुळीची तक्रार नाही. माझं दुःख गेल्या वर्षीचं आहे.

मिठाच्या झऱ्याजवळची टेकडी एका खडी कंपनीनं घेतली. तिथे देवदाराखाली अकरा कबरी होत्या, दगडांवर नावं नाहीत. कुणी वारस कागदानिशी पुढे आला तर तेवढा कोपरा सोडायचा, नाहीतर हाडं उचलून गावच्या दफनभूमीत न्यायची, असं ठरलं. म्हणून सत्त्याहत्तर वर्षांच्या लिओटा प्रुडन कचेरीत आल्या. लढाईतल्या शिपायांच्या हजेरीपटाची नक्कल त्यांच्या पिशवीत होती. हेझकाया त्यांच्या आजीचा पणजोबा. तो शिपाई होता हे सिद्ध झालं होतं. तो झऱ्यापाशी राहत होता एवढंच दाखवायचं होतं.

कचेरीतल्या वॅनिटानं मला उघडलं.

“मिस लिओटा, हेझकायाच्या नावे दोनशे एकर जमीन आहे खरी. पण लॉरेल ओढ्यावर. झऱ्यापासून वीस मैल.”

“माणूस वीस मैल चालत नाही का, पोरी?”

“चालतो. पण पुरून घ्यायला नाही चालत जात.”

“आजी सांगायची, तो झऱ्यापाशीच निजलाय. आजी थापा मारायची, पण मासळीच्या. माणसांच्या नाही.”

“मी मानते हो. कंपनीचा वकील मानायचा नाही.”

लिओटाबाईंचं बोट माझ्या पानावर नेमकं तिथे थांबलं, जिथे त्या चार ओळी यायला हव्या होत्या. एनॉसचा आवाज मला अजून ऐकू येतो. पण मला फक्त दाखवता येतं, तेही जेवढं लिहिलंय तेवढंच.

दुसऱ्या आठवड्यात वकील आला. फार सभ्य माणूस. त्यानं माझ्या त्याच पानाची नक्कल मागितली आणि ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून त्याला ती मिळाली. नक्कल खरीच होती.

मार्चमध्ये कबरी उचलल्या. हाडं पुरल्याची नोंद वॅनिटा नव्या वहीत करत होती, लिओटाबाई शेजारी उभ्या होत्या.

“नावाच्या जागी काय लिहिलंस?”

“अकरा, अनोळखी.”

“मी तर ओळखते त्याला.”

वॅनिटानं पेन खाली ठेवलं. मग तिनं ते उचललं आणि खाली सही केली.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकीही कुणी कागद वहीत उतरवायला बसेल. हात गारठले असतील, घरी जायची घाई असेल. तरी कागद उलटून बघा आणि मागचं सगळं लिहा. जे आमच्यात नाही ते घडलंच नाही, असं लोक धरून चालतात. त्यांना अडवायला आम्हाला तोंड नाही.