घासून काढलेला नंबर

त्या मोटरसायकलला सीट नव्हती. तुटली होती किंवा हरवली होती असं नाही, मुळातच नव्हती. माणूस जिथे बसतो तिथे प्लास्टिकची निमुळती पट्टी आणि तिच्याखाली छोटंसं टू-स्ट्रोक इंजिन. ट्रायल्सची गाडी अशीच असते. खडकांवरून, सिमेंटच्या पाइपांवरून ती उभ्यानंच चालवायची, तीसुद्धा माणूस चालतो तितक्या वेगानं. तोल गेला, पाय जमिनीला लागला की गुण कापला. एवढाच खेळ.

गाडी कुवेतमधल्या सबाह अल-सालेम भागात, नीरजाच्या इमारतीखाली उतरवली तेव्हा रियाजनं तिच्याभोवती एक चक्कर मारली. रियाज रत्नागिरीकडचा, नीरजाच्या नवऱ्याचा, सुशांतचा, जुना दोस्त. शुवैखमध्ये गॅरेजांच्या गल्लीत त्याचं सुट्या भागांचं दुकान होतं आणि गाडी आणली होती तीही त्याच्याच हाफ लॉरीतून, म्हणजे उघड्या छोट्या टेम्पोतून.

"वहिनी, सीटला गिऱ्हाईक दुसरं आलं होतं काय?" त्यानं विचारलं.

नीरजा नुसती हसली. ती तशीही मोजकंच बोलायची. शुऐबातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती धातू तपासायची. फुटलेल्या पाइपाचा तुकडा आला की तो आरशासारखा गुळगुळीत करायचा, त्यावर आम्लाचा बोळा फिरवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं, हा का फुटला. सुशांतही त्याच धंद्यातला, पण बाहेरच्या बाजूचा. टाक्यांना आणि पाइपांना रंग लावण्याआधी जुना रंग, गंज नीट खरवडला गेलाय की नाही हे तो बघायचा. धातू पांढरा दिसेपर्यंत घासल्याशिवाय सुशांतच्या हद्दीत रंगाचा डबा उघडत नसे. घरी गॅलरीच्या कठड्याला रंग द्यायचा तर चार दिवस घासणंच चालायचं. जुईली, त्यांची मुलगी, शिकायला दूर गेली होती, ती फोनवर म्हणायची, "आई, बाबांना सांग, इट्स अ रेलिंग, नॉट अ रिफायनरी."

कुवेतमध्ये इतकी वर्षं काढली तरी नीरजा सकाळी कंपनीच्या बसमध्ये आणि संध्याकाळी सुशांतच्या गाडीत, कायम बाजूच्या सीटवर. दोन हिवाळ्यांपूर्वी प्रयोगशाळेतला यूसुफ नावाचा कुवेती सहकारी तिला म्हणाला, शुक्रवारी या, आमचा खेळ बघा. ती बघायला गेली आणि पुढच्या शुक्रवारी चालवायला. गाडी जागच्या जागी, दोन्ही चाकं थांबलेली, आणि आपण तिच्यावर उभ्या. हँडलच्या इवल्याशा हालचालीवर सगळं तोललेलं. त्या अर्ध्या मिनिटात तिच्या डोक्यात दुसरं काही उरत नसे. असं तिला आयुष्यात फार कमी वेळा झालं होतं. तिनं मोटरसायकलचं लायसन्सही काढलं. सुशांतला पहिल्यांदा धास्ती वाटली, मग गंमत वाटायला लागली, आणि मग तो तिचे गुडघ्याचे पॅड स्वतः उन्हात वाळत घालायला लागला.

आता यूसुफ पुढच्या शिक्षणासाठी कॅनडाला निघाला होता आणि जाताना त्यानं आपली गाडी नीरजाला दिली होती. अडचण एकच. ती गाडी खेळाचं सामान म्हणून देशात आली होती. कस्टमच्या कागदाखेरीज तिला ओळख नव्हती. सरावाचं मैदान मोठ्या रस्त्यापलीकडे. गेल्या हिवाळ्यात गस्तीच्या पोलिसानं यूसुफला बजावलं होतं, पुन्हा नंबर प्लेटशिवाय रस्त्यावर दिसली तर गाडी उचलून नेऊ. म्हणजे गाडीची नोंदणी झाली तर नीरजाचा खेळ चालू राहणार, नाही तर बंद. आणि नावावर करून द्यायला यूसुफ स्वतः हजर हवा होता. तपासणीची, म्हणजे इथल्या भाषेत फहसची तारीख मिळाली ती गुरुवारची. शुक्रवारी यूसुफचं विमान होतं.

हे सगळं ठाऊक असल्यामुळे नीरजानं सप्टेंबरभर गाडीची सेवा केली. कार्ब्युरेटर उघडला तर आत पिठासारखी धूळ बसलेली. तिनं बारीक भोकाचे जेट धुऊन, फुंकून, उजेडात धरून पाहिले. एअर फिल्टरचा स्पंज धुऊन तेलात भिजवून पिळला. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं; ती ते जुन्या काचेच्या मापात मोजायची, डोळा मापाच्या रेघेशी आणून. सुशांत म्हणायचा, "माझ्या चहात साखर घालताना कधी इतकी वाकली नाहीस." मग प्लग काढून बघायचा. त्याचं टोक तपकिरी असलं की मिश्रण बरोबर. एका संध्याकाळी तिनं तो त्याला दाखवायला वर आणला आणि दोघांनी तो जेवणाच्या टेबलावर, आमटीच्या भांड्याशेजारी ठेवून कौतुकानं पाहिला.

रियाजनं दिवा, हॉर्न, आरसे, सिग्नलचे दिवे आणि एक लहानशी बॅटरी बसवून दिली. सीटशिवाय फहसला कोणी उभं करणार नाही म्हणून पोळपाटाएवढी एक गादीही शोधून काढली. "बसू नका त्याच्यावर," तो म्हणाला, "फक्त दाखवा."

दसरा त्याच आठवड्यात, बुधवारी होता. सोमवार-मंगळवार, मधल्या रात्रीसकट, नीरजाला कारखान्यात थांबावं लागलं. एक मोठी भट्टी दुरुस्तीला उघडली होती. मंगळवारी संध्याकाळी ती बसमधून उतरली, तर इमारतीखाली सुशांत उभा. चेहऱ्यावर पोरासारखा आनंद. तिला डोळे मिटायला लावून तो गाडीपाशी घेऊन गेला.

गाडी लख्ख लाल झाली होती. जुना सोललेला, डाग पडलेला रंग कुठेच नव्हता. वेल्डिंगच्या सांध्यांतसुद्धा रंग एकसारखा बसला होता. हँडलला झेंडूची माळ आधीच अडकवलेली.

"उद्या पूजा," तो म्हणाला. "दोन दिवस रजा टाकली. व्हाइट मेटलपर्यंत नेली सगळी फ्रेम. मशीन लावून. इंजिनचा नंबर आधी टेपनं झाकला, घाबरू नकोस."

नीरजानं हँडलखालच्या फ्रेमच्या मानेवर हात फिरवला. तिथे, चिखलाच्या आणि रंगाच्या थराखाली, चेसिस नंबर ठोकलेला होता. कस्टमच्या कागदावर तोच होता, आणि फहसला दोन्ही जुळायला हवे होते. तिनं सप्टेंबरात तो बॅटरीच्या उजेडात वाचला होता आणि सुशांतला सांगायचं तिला सुचलं नव्हतं. आता बोटाखाली पहिले काही आकडे लागत होते. शेवटच्या चारांच्या जागी काही नव्हतं. गुळगुळीत.

सुशांतनं तिच्या बोटाकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामात चूक शोधली त्याला आपली कळायला वेळ लागला नाही. तो माळ काढायला लागला, मग थांबला, मग तशीच राहू दिली.

सुशांतनं रियाजला झालेलं कळवलं होतं; जेवताना रियाजचा फोन आला. शुवैखमध्ये आकडे ठोकून देणारे लोक असतात, तो म्हणाला, पण वहिनी, त्या वाटेला जायचं नाही, त्यात माणूस आत जातो. नीरजानं सांगितलं, तिच्या मनातही ते नाही. फोन ठेवल्यावर सुशांत हळूच म्हणाला, "तुझ्याकडे ते आम्ल आहे ना. नंबर परत दिसतो त्यानं."

ते खरं होतं. आकडा ठोकला की त्याच्याखालचा धातूही दबतो, आणि वरचा थर घासून गेला तरी तो दाब खोलवर राहतो. आम्ल लावलं की दबलेला भाग वेगळा गंजतो आणि आकडा सावलीसारखा वर येतो. प्रयोगशाळेतल्या नीरजाच्या कपाटात त्यासाठी लागणारी बाटली होती. उद्या सकाळी, कोणाला न विचारता, दहा मिनिटांचं काम.

"मी लावलं तर ते मी केलेलं होईल," ती म्हणाली. "घासलेली जागा संशयाची, आणि त्यावर परत कोणी तरी आम्ल लावलेलं. आणि प्रत्येक वेळी धातू थोडा खाल्ला जातो. पहिल्यांदा जितकं स्पष्ट दिसेल तितकं नंतर दिसेलच असं नाही. जे व्हायचं ते त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे."

"आणि नाही दिसला तर?"

"तर सुटे भाग होतील रियाजच्या दुकानात."

ती हे रागानं म्हणाली नव्हती, पण सुशांत ताट घेऊन उठला तो बराच वेळ स्वयंपाकघरात नळ सोडून उभा राहिला. तिला राग होताच. कोणावर, हे नक्की ठरवता येत नव्हतं. दोन दिवस रजा काढून, वाकून वाकून, नाकाला फडकं बांधून ज्यानं तिच्यासाठी हे केलं त्याच्यावर रागावणं तिला जमत नव्हतं. आणि न रागावणंही.

बुधवारी त्यांनी पूजा केली. मानेवरचा नवा रंग तिनं नुसत्या थिनरच्या बोळ्यानं पुसून काढला होता, घासलं अजिबात नाही. हळदकुंकू टाकीवर वाहिलं. सुशांतनं मुद्दाम त्या जागेपासून लांब, टायरजवळ फूल ठेवलं.

गुरुवारी रियाजच्या हाफ लॉरीतून सुशांत आणि नीरजा गाडी तपासणीला घेऊन आले. यूसुफ आधीच येऊन थांबला होता. दिवा लागला. हॉर्न वाजला. ब्रेक पास. तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं गादीकडे पाहिलं, मग नीरजाकडे, आणि यूसुफला अरबीत विचारलं, या बाई ह्याच्यावर बसतात? यूसुफनं गंभीरपणे सांगितलं की त्या सहसा बसत नाहीत. अधिकारी हसला. मग तो मानेपाशी वाकला आणि त्याचं हसू गेलं.

त्यानं कागद पाहिला, परत मान पाहिली. नख फिरवलं. मग तो सरळ उभा राहिला आणि इंग्रजीत, तिघांनाही उद्देशून विचारलं, हे कोणी घासलं?

सुशांत पुढे झाला. तोंड उघडून त्यानं श्वासही घेतला होता.

"आम्ही," नीरजा म्हणाली. "आमच्याकडे या सणाला यंत्रं स्वच्छ करून पुजतात. रंग द्यायला फ्रेम घासली आणि नंबर लक्षात आला नाही. आम्ही नंतर काही लावलेलं नाही. तुमच्याकडे तपासणारं कोणी असेल तर त्यांनी आमच्यासमोर आम्ल लावून बघावं."

अधिकाऱ्यानं फोन केला. वाट बघायला सांगितलं. सुशांत तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "आम्ही कशाला म्हणालीस? मशीन मी चालवलं."

"नंबर कुठे आहे ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "सांगितलं का मी तुला?"

पोलिसांच्या प्रयोगशाळेतून तपासायला आली ती एक तरुण बाई होती, रिदा तिचं नाव, हातात पेटी. तिनं हातमोजे घातले, जागा पुसली, तिरपा दिवा लावला आणि फोटो काढले. बोळा बुडवण्याआधी तिनं नीरजाला विचारलं, यावर आधी काही न लावायचा सल्ला तुम्हाला कोणी दिला?

"कोणी नाही. माझंही कामच हे आहे."

रिदानं मान वर करून पाहिलं, आणि जरा बाजूला सरकली, नीरजाला बघता येईल इतकी.

पहिल्यांदा नुसताच करडा डाग. मग त्यात एक रेघ, म्हणजे इंग्रजी एक. नंतर गोलाई, शून्य. मग चार, तिरपा पण स्वच्छ. शेवटचा आकडा उजवीकडून उमटायला लागला: दोन अर्धगोल, एकावर एक. तीन. डावी बाजू कोरी. कागदावर तिथे आठ होता.

सुशांतचा हात तिच्या कोपराशी आला आणि तिथेच राहिला. नीरजाला वाटत होतं, दिवा थोडा खाली घ्या म्हणावं, अजून एक बोळा फिरवा म्हणावं. तिनं दात आवळले. रिदा घाईत नव्हती. तिनं दुसरा बोळा घेतला, सावकाश फिरवला, थांबली. दिवा खाली आणला, जवळजवळ धातूला टेकवला. डावीकडे एक फिकट कमान आली, मग दुसरी.

रिदानं फोटो काढला. मग अधिकाऱ्याला एकच शब्द म्हणाली. अरबीतला आठ नीरजाला कळत होता.

पुढे सह्या, शिक्के, खिडक्या. यूसुफनं गाडी तिच्या नावावर करून दिली, नंबर प्लेट रियाजनं दिलेल्या चौकटीत बसली, आणि सुशांत हाफ लॉरीच्या मागची फळी खाली करायला लागला.

"राहू दे," नीरजा म्हणाली. "मी चालवत नेते."

"इतक्या लांब? ह्याच्यावरून?"

"तू मागून ये."

तिनं हेल्मेट घातलं आणि पायानं किक मारली. इंजिन दुसऱ्या किकला सुरू झालं, पातळ निळसर धूर सोडून. बाजूच्या रस्त्यावर ती अगदी कडेनं निघाली, उभ्यानंच, कारण गादीचं काही खरं नव्हतं. ट्रायल्सचे गिअर चढावासाठी असतात. सपाट रस्त्यावर ती कितीही पिळली तरी सायकलीपेक्षा जराशी पुढे. मागे हॉर्न वाजायला लागले. तिनं आरशात पाहिलं. हाफ लॉरी तिच्या मागे अख्खी लेन अडवून, चारही दिवे उघडझाप करत येत होती, आणि खिडकीतून कोपरापर्यंत बाहेर आलेला सुशांतचा हात सगळ्या कुवेतला सांगत होता, हळू, हळू, पुढे माझी बायको आहे.

हेल्मेटच्या आत नीरजाला हसू आवरेना. तिनं वरचा गिअर टाकला.