समाईक दोराची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे; परंतु हे मी सांगण्यापूर्वीच तुमच्या ध्यानात आले असेल. माझे दार किंचित उचलून ओढावे लागते, चालकाच्या बाजूची काच अर्ध्यावर येऊन थबकते, आणि सकाळी मला जागे करायचे तर आधी पोटभर खोकू द्यावे लागते. थकलेल्या जिवाने स्वतःची कथा सांगू नये म्हणतात, कारण तो आरंभ विसरतो आणि शेवट लांबवतो. तरीही क्षणभर माझ्या सावलीत बसा. सावली देणे अजून मला जमते.

माझा जन्म एका विशाल कारखान्यात झाला. माझ्यासारख्याच अनेक भगिनी तेथे एका रांगेत उभ्या होत्या. कोणती कोठे गेली, हे पुन्हा कधी कळले नाही. मला घरी आणणारा गृहस्थ प्लंबर होता. त्याने माझ्या हौद्यात लोखंडी नळ वाहिले, पाण्याच्या टाक्या वाहिल्या, आणि चिनीमातीची ती भांडीही वाहिली, ज्यांचे नाव चारचौघांत घेत नाहीत, परंतु ज्यांच्यावाचून कोणत्याही सद्गृहस्थाचे चालत नाही. ओझ्याने चाकांवरचे माझे कमानपाटे वाकत, तेव्हा तो माझ्या छतावर थाप मारून म्हणे, "चल बाई, एवढा चढ काढ." त्या एका थापेवर मी कितीतरी चढ काढले. त्याची पत्नी शेजारणींना सांगे, "आमच्या ह्यांना गाडी आधी आणि मी नंतर." सांगताना ती हसत असे, म्हणून मीही तो गौरवच मानला.

वर्षे गेली. प्लंबरचे गुडघे कुरकुरू लागले, त्याने धंदा आवरता घेतला. "आता ही कशाला?" पत्नीने विचारले. या प्रश्नाने माझ्या टाकीतले तेलही गार झाले होते. परंतु त्याच सुमारास दोन नावा माझ्या आयुष्यात आल्या, आणि मी वाचले.

त्या नावांना कयाक म्हणतात. एकट्या माणसाने आत पाय पसरून बसायचे आणि दुतोंडी वल्ह्याने पाणी कापत जायचे, अशी ती लांब, निमुळती, प्लास्टिकची नाव. त्यांचे निमित्त झाला एक शिंपी. हा प्लंबरचा साडू. म्हणजे दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली प्लंबरच्या घरी, धाकटी शिंप्याच्या. शिवणयंत्रावर वाकून वाकून शिंप्याची पाठ आखडली होती. डॉक्टरांनी त्याला वल्हवण्याचा व्यायाम सांगितला. धाकटी त्याला एकट्याला पाण्यात सोडायला तयार होईना, तेव्हा थोरलीने आपला नवरा जोडीला देऊन टाकला. "घरात नुसते नळ उघडून बघत बसतात," ती म्हणाली, "त्यापेक्षा सगळंच पाणी एकदम बघू दे."

अशा प्रकारे प्लंबरची पिवळी नाव आणि शिंप्याची निळी नाव माझ्या हौद्यात शेजारी शेजारी आडव्या झाल्या. त्यांची तोंडे माझ्या केबिनकडे असत. माझ्याहून त्या लांब, म्हणून मागचा फाळका उघडा ठेवावा लागे आणि त्यांच्या शेपट्या बाहेर येत. त्या शेपट्यांना शिंपी एक लाल फडके बांधी. फडकेच ते, परंतु त्याने त्यालाही चारही बाजूंनी दुमड घालून शिवले होते.

आरंभी मोठी पंचाईत होई. प्लंबर आपली नाव बांधी आणि शिंप्याच्या बांधणीला हसे; शिंपी आपली बांधी आणि प्लंबरच्या बांधणीकडे पाहून मान हलवी. दोघे एकमेकांचे पट्टे सोडून पुन्हा बांधत, आणि ऊन डोक्यावर आले तरी मी अंगणातच उभी. अखेरीस शिंप्याने तोडगा काढला.

"दादा, आपली गाठ आपल्याला नेहमीच चांगली दिसते," तो म्हणाला. "तेव्हा तुमची नाव मी बांधतो, माझी तुम्ही बांधा. दुसऱ्याची वस्तू म्हटली की हात आपोआप जपून चालतो."

"आणि पुढचा दोर?"

"तो समाईक. एकाने धरायचा, दुसऱ्याने गाठ मारायची."

हा पुढचा दोर फार महत्त्वाचा, मित्रांनो. दोन्ही नावांच्या तोंडांशी असलेल्या मुठींतून तो ओवून केबिनमागच्या कडीला बांधत. आडवे पट्टे नावांना डोलू देत नाहीत. परंतु चढावर त्या मागे घसरू नयेत, हे काम त्या दोराचे. ही रीत दोघांनी व्रतासारखी पाळली. मी त्यांना तळ्यावर नेई, काठावर उभी राही, आणि पाण्यावर एक पिवळी व एक निळी रेघ शेजारी शेजारी लांब जाताना पाही. परत येताना दोघेही ओले, भुकेले आणि अखंड बोलत असत. "गाडी ठेवायची ती नावांपुरती," असे प्लंबरने पत्नीला कबूल केले होते. म्हणजे ते दोघे तळ्यावर जात होते, तोवरच मी होते. माझे सारे आयुष्य आता दोन साडूंच्या सख्यावर उभे होते. चार चाके असूनही, मित्रांनो, ते आसन मला फारसे स्थिर वाटत नसे.

आणि तसेच झाले. प्लंबरच्या हाताला एक खोड होती: कोणतीही गोष्ट घट्ट झाली, की तो तिला आणखी एक पीळ देई. एका रणरणत्या दुपारी परतताना ते वाटेत चहाला थांबले. नावा माझ्या पाठीवर उन्हात तापत राहिल्या. प्लास्टिक मऊ झाले, आवळलेला पट्टा निळ्या नावेच्या अंगात रुतला, आणि घरी येऊन सोडतात तो तिच्या बरगडीवर मनगटभर रुंदीची खोल खाच.

शिंपी खाचेवरून बोट फिरवत राहिला. "दादा, ही नाव होती," तो म्हणाला, "गळका नळ नव्हता."

प्लंबरला चूक कळली होती. म्हणूनच त्याला राग आला. "तुमच्या हातची बांधणी असती, तर ती घरी तरी आली असती का? तुमचा टाका कच्चा, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

शिंप्याला त्याच्या वाकलेल्या पाठीवरून बोलले तर चालते, पिकलेल्या केसांवरून बोलले तर तोही हसतो. परंतु त्याच्या टाक्याला कोणी बोल लावू नये. त्याने खाचेवरचे बोट उचलले. मग म्हणाला, "यापुढे माझी मी बांधेन."

"उत्तम. माझी मी."

पुढच्या खेपेला दोघे आले खरे, कारण बहिणींनी डबे आधीच भरले होते. शिंप्याने निळी नाव बांधली, प्लंबरने पिवळी बांधली. कोणी कोणाच्या गाठीकडे पाहिले नाही. समाईक दोर हौद्याच्या कोपऱ्यात वेटोळे करून पडला होता. तो दुसऱ्याने बांधला असेल, असे दोघांनाही वाटले. विचारण्याइतके बोलणे मात्र उरले नव्हते. मला ठाऊक होते. तो सैल दोर माझ्या हौद्यात प्रत्येक धक्क्याला इकडून तिकडे सरकत होता. परंतु गाडीला कर्णा असतो, वाणी नसते; आणि कर्णाही दुसऱ्याच्या हातात असतो.

तळ्याच्या अलीकडे एक चढ आहे. तेथे मी नेहमीच धापा टाकते. अर्ध्यावर मला माझ्या पाठीवरचे ओझे हलताना जाणवले. निमुळत्या अंगावर आवळलेला पट्टा पुढे पुढे सरकत गेला, सैल पडला, आणि पिवळी नाव उघड्या फाळक्यावरून मागे घसरत रस्त्यावर गेली.

मागून एक बाई स्कूटरवर येत होती. तिच्या पुढ्यात तिची लहान मुलगी उभी होती. बाईने करकचून ब्रेक लावला. नाव डांबरावरून खरडत गेली आणि पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. मुलगी घाबरली नाही. तिने वाकून नावेच्या पिवळ्या पाठीला हात लावला. घाबरली ती आई. तिला स्कूटर उभी करता येईना.

दोघे साडू धावत खाली आले. प्लंबर हौद्यातल्या दोराकडे पाहत म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही..."

"मला वाटलं, तुम्ही," शिंपी म्हणाला.

"दोघांनाही वाटलं," ती बाई म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "अहो काका, गाडीच्या मागे कोणीतरी येत असतं. तेवढं मनात ठेवून बांधत जा."

ती निघून गेली. पिवळ्या नावेचा तळ चिरला होता. त्या दिवशी आम्ही तळ्यावर गेलो नाही, आणि त्यानंतर कधीच जाणार नाही, असे मला वाटू लागले.

नावा अंगणाच्या भिंतीशी पालथ्या पडल्या. माझी चाके बसली. काचेवर धूळ चढली, आणि त्या धुळीत कोणीतरी बोटाने काढलेले मांजरही कालांतराने धुळीनेच पुसले. चालून आलेला थकवा गोड असतो, मित्रांनो. उभे राहून येणारा थकवा हाडांत शिरतो. बहिणी दोन्ही घरांतून फोनवर बोलत. "तुझे काय म्हणतात?" "काही म्हणत नाहीत, हीच तर अडचण."

एका संध्याकाळी मी एक गंमत पाहिली. प्लंबर किटलीतून कढत पाणी आणून निळ्या नावेच्या खाचेवर ओतत होता आणि आतून तळहाताने हलके दाब देत होता. थोरली दारात येऊन उभी राहिली.

"स्वतःची चिरलेली तशीच, आणि साडूच्या नावेला शेक?"

"सूज उतरते का बघतो," तो म्हणाला.

सूज पुष्कळशी उतरली. मग त्याने प्लास्टिकचे नळ जोडायचे तापते अवजार काढून आपल्याही नावेची चीर बुजवली. परंतु साडूला निरोप धाडणे त्याला सुचले नाही. हातांना जे कळते, ते जिभेला उशिरा कळते.

पुढे भंगारवाला आला. त्याने माझ्या चाकाला पायाने ठोकरून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी ओढून न्यायचे ठरवून गेला. प्लंबर माझ्याकडे न पाहता घरात गेला. मी रागावले नाही. रागवायलाही थोडे बळ लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिंपी आला. काखेत कापडाचे एक बोचके होते.

"माझी नाव न्यायला आलोय," तो म्हणाला. "गाडी जाणार म्हणे आज."

"कशावरून नेणार?"

शिंप्याने इकडे तिकडे पाहिले. दोन पुरुष लांबीची नाव तो खांद्यावरून नेणार नव्हता, आणि साऱ्या ओळखीत ती नेऊ शकेल अशी गाडी एकच होती. ती मी.

"ह्याच गाडीवरून न्यावी लागेल," तो पडेल आवाजात म्हणाला.

प्लंबरने किल्ली आणली. चाकांत हवा भरली. मी खोकले, पुन्हा खोकले, आणि जागी झाले. दोघांनी निळी नाव उचलली. खाच होती तेथे शिंप्याचा हात गेला, आणि तेथेच थांबला. नाव हौद्यात टेकली. त्याने बोचके सोडले. आत जाड, मऊ कापडाच्या लांब खोळी होत्या.

"पट्ट्यांवर चढवायच्या आहेत. म्हणजे रुतत नाहीत," तो म्हणाला. "तुमच्याकडे राहू द्या. कोणी तुमची नाव नेली तर उपयोगी पडतील."

प्लंबरने एक खोळ घेतली, शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली, पुन्हा ताणली. नळ आवळणारे ते हात होते. शिवण हलली नाही.

"टाका पक्का आहे," तो म्हणाला.

"गल्लीला सांगा."

प्लंबर हौद्याकडे वळला. "एकटी नाव मागे नुसती घरंगळेल, साडूभाऊ. माझीही शेजारी ठेवू. टेकायला."

"ठेवा. टेकायला."

खोळी चढल्या. शिंपी पिवळ्या नावेकडे गेला, प्लंबर निळ्या नावेकडे. कोणी कोणाला सांगितले नव्हते. प्लंबरने पट्टा ओढला, घट्ट झाला, हाताने सवयीने आणखी एक पीळ द्यायला उचल खाल्ली, आणि तो थांबला. मग कोपऱ्यातला दोर शिंप्याने दोन्ही मुठींतून ओवून धरला, आणि प्लंबरने गाठ मारली. शेवटी दोघे माझ्या मागे जाऊन उभे राहिले, जेथे ती बाई थांबली होती तेवढ्या अंतरावर, आणि तेथून त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले.

रस्त्याला फाटा येतो. डावीकडे शिंप्याचे घर, उजवीकडे तळ्याचा चढ. फाट्यावर प्लंबरने मला उभे केले. शिंपी समोर पाहत म्हणाला, "डबा मात्र आणला नाही मी."

"तुमच्या मेहुणीने दिलाय. दोघांचा."

मी उजवीकडे वळले. भंगारवाला त्या दिवशी रिकाम्या अंगणातून परत गेला, असे मागाहून कळले.

मित्रांनो, मी काही पुन्हा तरुण झाले नाही. त्या चढावर माझे कमानपाटे आजही कण्हतात. पिवळी नाव थोडीशी झिरपते, निळीवर खाचेची सावली राहिलीच आहे. कधीतरी मला ओढून नेतीलच, आणि तेव्हा मी कदाचित सुस्काराच टाकीन. तोवर एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल, तर त्याला धुळीत उभे करून विसरू नका. ओला दोर वाळवून ठेवा, कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेलाचा थेंब द्या. आणि जे ओझे दोघांचे असते, त्याची गाठ दुसऱ्याने मारली असेल असे समजून निघू नका. खाली उतरा, मागे जाऊन उभे राहा, एकदा पाहा.

मागून कोणीतरी येत असते.