आवाज मागून येतो

दादा सैन्यात लांब पल्ल्याचा नेमबाज होता आणि त्याच्यासोबत मारामारीचा सिनेमा बघणं म्हणजे डोक्याला ताप. खलनायक पडला रे पडला की हा भर थिएटरात धाकट्या बहिणीच्या कानाशी लागायचा. "गोळी आणि आवाज एकदम? वेडाबाई, गोळी आवाजाच्या पुढे पळते. आधी हवा फाटल्याचा कडाका, मग माणूस आडवा, आणि बंदुकीचा आवाज येतो सावकाश, वरातीमागून घोडं."

धाकटी पुढे सिनेमांना आवाज लावायला लागली. आई गेली तेव्हा ती अशाच एका कामात अडकली. पोचली तोवर सगळं उरकलं होतं. दादा दारातच म्हणाला, "झालं काम?" त्यानंतर त्याचा फोन आला नाही. ती करायची. वहिनी उचलायची, "बाहेर गेलेत" म्हणायची, आणि मागून त्याचा खोकला ऐकू यायचा.

आता पडद्यावर दूरच्या टेकडीवरून गोळी सुटत होती. असला एकही सिनेमा दादा सोडणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने कडाका लावला, गच्चीत चहा पिणाऱ्या माणसाला पडू दिलं आणि बंदुकीचा आवाज जरासा मागे सरकवला.

"मॅडम, हे बिघडलंय," दिग्दर्शक म्हणाला.

"किलोमीटरभरावरून असंच ऐकू येतं."

"प्रेक्षक काय घड्याळ लावून बसतो?"

"एक जण बसतो."

"त्या एकापायी बाकीच्यांना वाटेल, थिएटरचा स्पीकर गेला."

"पडणाऱ्याच्या हातातला कप फरशीवर गडगडू दे. लोक कप ऐकत राहतील. तो थांबला की बंदूक."

दिग्दर्शकाने दोनदा बघितलं आणि दंडावरून हात फिरवला. "काटा आला की. राहू दे."

सिनेमा लागला. पहिल्या आठवड्यात तिने फोन हातातून सोडला नाही; दुसऱ्यात तो पालथा ठेवायला लागली. एका दुपारी भांडी घासताना तो वाजला. दादा. तिने ओल्या हातानेच उचलला.

"वारा बघितला नाही त्याने." नमस्कार नाही, चमत्कार नाही. "दोरीवरचे कपडे आडवे उडतायत आणि हा शहाणा नेम सरळ धरतो. शेजारच्या गच्चीत गेली असती गोळी."

"ते माझ्याकडे नसतं रे, दादा. मी फक्त आवाज."

"हं." तो खोकला, या वेळी थेट तिच्या कानात. "आवाज बरोबर होता."

नळ चालू होता. दादाचा श्वास नीट ऐकू यावा म्हणून तिने तो बंद केला.