तुटक्या तारेतून दिलेली मुलाखत

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे, आणि खरं सांगायचं तर भित्रा हेडफोन आहे. माझ्या उजव्या कानाची गादी फाटली आहे. माइकची दांडी वाकडी झाली आहे. तार जिथे माझ्या अंगात शिरते तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे, आणि माझी सगळी भीती त्या पट्टीखाली राहते.

माझी पहिली वर्षं आमच्या बेटांच्या देशात, आंजेलेस शहरातल्या एका कॉल सेंटरमध्ये गेली. पलीकडून लोक ओरडायचे, अलीकडची पोरं "सॉरी सर, सॉरी मॅडम" म्हणायची, आणि मी दोघांच्या मध्ये. माणसाचा आवाज म्हणजे एक तर ओरडणारा किंवा थरथरणारा, एवढंच मला ठाऊक होतं. पुढे ती कंपनी बंद पडली. आम्हा सगळ्यांना खोक्यात कोंबून जुन्या बाजारात विकलं. तिथून मला जोनालिन नावाच्या मुलीने उचललं आणि गावी नेऊन आपल्या आईच्या डोक्यावर चढवलं.

"कशी दिसते ग मी?" आईने विचारलं.

"विमान चालवायला निघाल्यासारखी, मा."

"मग आधी उतरायचं कसं ते शिकव," असं म्हणून आई हसली. तिचं नाव पेर्लिता मनालास्तास. मित्रांनो, माझ्या गाद्यांना कान टेकले की माणसाची नाडी कळते. पेर्लिता हसत होती, पण तिची नाडी धावत होती.

ती कपड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं मालाच्या याद्या ठेवत होती. कारखाना बंद झाला, नवरा आधीच गेलेला. घरात लेक आणि एक्याऐंशी वर्षांची सासू, अपू साबेल; अपू म्हणजे आजी. कपाटात पेर्लिताचा पासपोर्ट तयार होता. मे महिन्यापर्यंत घरबसल्या काम मिळालं नाही, तर कुवेतला कुणाच्या तरी घरी धुणीभांडी करायला जायचं, दोन वर्षं परत यायचं नाही, असं एजंटशी ठरलं होतं. "दोन वर्षांनी मी असेन का ग?" अपू एवढंच म्हणाली होती.

म्हणून मायलेकी रोज घरबसल्या कामं देणाऱ्या एका संकेतस्थळावर बसायच्या. तिथे परदेशातले मालक जाहिराती टाकतात, पत्रांना उत्तरं द्या, याद्या करा, गिऱ्हाइकांशी बोला, आणि आमच्याकडच्या बायका अर्जामागून अर्ज करतात. फेब्रुवारीत एका साहेबाने पेर्लिताला मुलाखतीला घेतलं. ती छान बोलत होती, आणि ऐन वाक्यात माझी तार आतून तुटली. तिला त्याचं "हॅलो? हॅलो?" ऐकू येत होतं, त्याला तिचं काहीच जात नव्हतं. त्याने फोन ठेवला. तिने मला एक शब्द बोल लावला नाही, नुसती चिकटपट्टी आणली. मित्रांनो, रागावली असती तर बरं वाटलं असतं.

नंतर महिनाभर कुणी विचारलं नाही. मग दुबईहून हालिमाबाईंचा निरोप आला. त्यांची फुलांची दुकानं होती. "गुरुवारी दुपारी दोनला चालेल?" पेर्लिताने लगेच लिहिलं, "हो मॅडम." पाठवून झाल्यावर जोनालिन किंचाळली, "मा! तो पवित्र आठवड्यातला गुरुवार आहे! आपल्या अंगणात पाबासा असणार!"

पाबासा म्हणजे येशूच्या यातनांचं अखंड गायन. या घराण्याचा तो नवस आहे. एकदा पुस्तक उघडलं की शेवटच्या पानापर्यंत आवाज थांबू द्यायचा नाही. भोंगे लावून, पाळ्या लावून, रात्रंदिवस गायचं.

"दुसरी वेळ माग की," जोनालिन म्हणाली.

"मागितली आणि त्यांनी दुसरीच कुणी घेतली तर? अर्ज किती आले असतील त्यांच्याकडे! नाही कसं म्हणू?"

बुधवारी संध्याकाळी गायन सुरू झालं. खुंटीवर लटकून मी ते ऐकलं. एकजण ओळ उचलायचा, दुसरा ती पुढे न्यायचा. त्यात उपदेश होता, रडणं होतं, आणि आल्याचा चहा पिऊन पुन्हा कणखर झालेले गळे होते. ओरडणं नाही, थरथरणं नाही, असा माणसाचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. आणि उद्या दुपारी हाच आवाज आपल्याला बुडवणार, या विचाराने माझी तार आखडली.

गुरुवारी पावणेदोनला खिडकीला उशा लावल्या, दाराला गादी टेकवली. जोनालिनने चिकटपट्टीपाशी माझी तार दोन बोटांत घट्ट धरली. जरा हलली की मी मुका. तेवढ्यात अपूने दार ढकललं.

"पेर्लिता, दोनला तुझी पाळी."

"अपू, तुम्ही कुणाला तरी बसवा ना. माझी मुलाखत आहे."

"सगळे जेवून लवंडलेत. लोळणारे चिक्कार, गाणारं कोण?" अपूने खिडकीतल्या उशांकडे पाहिलं. "बरं. मीच बसते."

"तुमचा गळा, अपू..."

"गळा त्याचाच आहे. तो बघेल."

दोनला हालिमाबाईंचा आवाज आला, स्वच्छ आणि घाईचा. काय येतं, काय केलंत, रोजच्या फुलांच्या याद्या ठेवाल का. पेर्लिता सांगत होती आणि प्रत्येक मागणीला "हो मॅडम" म्हणत होती. तिची नाडी माझ्या गाद्यांवर ठोके देत होती. उशांतून, गादीतून, भिंतीतून अपूचा गळा आत येत होता, फाटका, चढाला तुटणारा.

"एक मिनिट," हालिमाबाई म्हणाल्या. "तिथे कुणी रडतंय का?"

पेर्लिता घाईने म्हणाली, "नाही मॅडम. शेजारचा रेडिओ आहे."

"बंद करायला सांगा ना. माझ्या गिऱ्हाइकांना हे चालणार नाही."

"हो मॅडम."

"आणि कामाला उद्यापासूनच लागायचं."

उद्या शुक्रवार, येशूला क्रुसावर दिलं तो दिवस. पेर्लिताचा "हो" जिभेवर आलाच होता. नेमकी तेव्हा अपू त्या पानावर पोचली होती. येशूला पकडून नेलं आहे, त्याचा लाडका शिष्य पेद्रो शेकोटीपाशी बसला आहे, आणि लोक विचारतात, तू त्याच्यातलाच ना? भीतीने पेद्रो म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. अपू ती ओळ गात होती. चढावर तिचा आवाज तुटला, आणि तिने पुन्हा खालून उचलला.

पेर्लिताने डोळे मिटले. पुढचं ती इतकं हळू बोलली की माझ्याशिवाय कुणाला कळेल की नाही याची मला शंका वाटली.

"मॅडम, मी खोटं बोलले. रेडिओ नाही. माझी सासू आहे ती. पाळी माझी होती, माझ्यासाठी ती गातेय. तुम्ही आजची वेळ दिलीत तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, पण मी घाबरले. ते गायन मला थांबवता येणार नाही. उद्या कामालाही येता येणार नाही. सोमवारी येईन."

मग शांतता.

मित्रांनो, ती शांतता त्यांची होती की माझी? जोनालिनची बोटं घामाने निसटली होती. तिने तार पुन्हा दाबली, वाकवली, "मा, बोल, बोल!" म्हणाली. संगणकाच्या पडद्यावर संभाषण संपल्याची खूण आली होती. त्यांनी किती ऐकलं? नुसतं 'खोटं बोलले' एवढंच तर नाही? मी सांगू शकलो नाही. मला ठाऊकच नव्हतं.

पेर्लिताने मला काढून ठेवलं, चेहरा पुसला आणि अंगणात गेली. थोड्या वेळाने भोंग्यातला आवाज बदलला. फाटक्या गळ्याच्या जागी तिचा भरलेला गळा आला. मी खुंटीवर थरथरत ऐकत होतो. ती मात्र थरथरत नव्हती.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी, येशू पुन्हा उठला म्हणून, घंटा वाजल्या, सगळे नवे कपडे घालून आले, बिको वाटला. चिकट भाताचा तो गोड पदार्थ पेर्लिताने तसाच झाकून ठेवला. एजंटाचा फोन येऊन गेला. सोमवारी सकाळी जोनालिन मोबाइल घेऊन धावत आली आणि मोठ्याने वाचू लागली.

"'सोमवारी येते म्हणालात, मी वाट बघतेय. शेवटी आवाज गेला, पण जेवढं ऐकायचं तेवढं ऐकलं. मागच्या दोघी सगळ्याला हो म्हणाल्या आणि एक दिवस न सांगता गायब झाल्या. सासूबाईंना आल्याचा चहा द्या. आणि तो हेडफोन कृपा करून फेकून द्या.'"

घरात हसू, रडू, सगळं एकदम झालं. अपू देवापुढे बसून राहिली. आणि मी? शेवटचं वाक्य ऐकून माझ्या अंगात प्राण उरला नाही.

आठवड्याने नवा हेडफोन आला, काळा, चकचकीत. मी कचऱ्याच्या पिशवीची वाट बघत होतो. पण पेर्लिताने मला फेकलं नाही. आता संध्याकाळी वस्तीतल्या बायका तिच्याकडे येतात. कुणाचा कारखाना बंद झालेला, कुणाचं एजंटशी ठरत आलेलं. पेर्लिता मला त्यांच्या डोक्यावर ठेवते. माझी तार कशालाच जोडलेली नसते. ती समोरच्या खुर्चीत ताठ बसते आणि हालिमाबाईंसारखी घाईने विचारते, "रविवारी सकाळी काम कराल?"

"हो मॅडम," बायका म्हणतात. त्यांची नाडी माझ्या गाद्यांवर धावत असते.

"पुन्हा," पेर्लिता सांगते. "रविवारी प्रार्थनेला जायचंय ना तुला? मग सांग की तसं. घाबर, पण सांग."

मित्रांनो, आमच्यासारख्यांची तार ओढू नका, पिळून गुंडाळू नका. तिच्यातून कुणाचं तरी घर बोलत असतं. आणि मुलाखतीला बसलात आणि नाडी धावू लागली, तर धावू द्या. काल एक नवी बाई आली होती. तीनदा 'हो' म्हणाली, चौथ्यांदा अडखळली आणि म्हणाली, "रविवारी नाही जमणार, मॅडम. सोमवारी येते." तिचा आवाज थरथरत होता. मी मुका आहे, माझ्यातून तो कुठेच गेला नाही. पण पेर्लिताने ऐकला.